धवळा : बैलाच्या नावाचे लग्नगीत

पनवेल, उरण, पेण या पट्ट्यातल्या आगरी घरात लग्न निघाले की धवलारणीला बोलावणे जाते. धवलारीण म्हणजे धवले गाणारी जाणती बाई. मांडव असो की हळद, ज्या त्या विधीचा धवला ठरलेला. देवांना लग्नाचे आवतण तिच्याच तोंडून जाते आणि पूर्वी लग्न लावण्याचा मानही तिचाच होता. आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, म्हणून धवला. जुन्या मराठी ग्रंथातला धवळा तो हाच.

संस्कृतात धवल म्हणजे पांढरा, हे सर्वांना ठाऊक आहे. पण प्राकृतात या शब्दाची खरी गंमत सुरू होते. तिथे धवल म्हणजे जातिवंत पांढरा बैल. 'वज्जालग्ग' या प्राकृत सुभाषितसंग्रहात या बैलावर स्वतंत्र प्रकरणच आहे. चढावर ओझे ओढणारा, मालकाला दगा न देणारा हा बैल म्हणजे भरवशाच्या पुरुषाची प्रतिमा. बाराव्या शतकात हेमचंद्राने 'छंदोनुशासना'त धवल नावाचा गीतप्रकार सांगितला, त्याचे लक्षणही हेच: बैलाच्या मिषाने थोर पुरुषाचे वर्णन. बैलाची स्तुती पुरुषाची झाली, आणि लग्नात नवरदेवापेक्षा मोठा पुरुष कोण?

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' (1129) या ग्रंथात कोणते गीत कुठे गावे हे सांगितले आहे. कांडताना महाराष्ट्रातल्या बायकांनी ओवी गावी आणि विवाहात धवल. पुढे यादव सिंघणाच्या काळात देवगिरीला शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त चार, सहा आणि आठ चरणांचे कीर्ति, विजय, विक्रम असे धवलाचे तीन प्रकार नोंदवले. शास्त्राची बाजू एवढीच.

आता तेराव्या शतकातल्या महानुभाव पंथीय महदाइसेकडे येऊ. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना, म्हणजे गुंडम राउळांना, एकदा लग्नाची लहर आली. भक्तांनी लग्नाचा थाट मांडला आणि महदाइसेला गायला सांगितले. तिने तिथल्या तिथे कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले. महानुभाव ज्यांना परमेश्वराचे अवतार मानतात, त्या पंचकृष्णांत श्रीकृष्णाबरोबर गोविंदप्रभूही येतात. तेव्हा हे गाणे समोर बसलेल्या नवरदेवाचेच होते. या 'धवळ्यां'चा पूर्वार्ध त्या वेळचा, उत्तरार्ध नंतरचा. या रचनेमुळे महदाइसेला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. पाठ्यपुस्तके तेवढे सांगून पुढे जातात, हे मात्र खटकते. एक विधवा, विरक्त स्त्री ऐनवेळी लग्नाचे गाणे रचते, कारण ते कसे गायचे हे तिच्या कानात आधीच मुरलेले असते. मागे बायकांची केवढी परंपरा उभी असेल! तिने ती घडवली नाही, तिला ग्रंथात जागा मिळवून दिली. महदाइसेचे मोठेपण त्यात आहे.

ही परंपरा ग्रंथाबाहेर चालूच राहिली. डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांत लग्नाची गाणी गाणारीला धवलेरी म्हणतात. भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात सुवासिनी, पण लग्न लावते धवलेरी, तिच्या गाण्याने. गुजरातेतल्या पुष्टिमार्गी घरांत बायका 'धोळ' गातात, तेही याच कुळातले. ऋद्धिपूर अमरावती जिल्ह्यात, पनवेल कोकणात. मध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा पसरला आहे, तरी गाण्याचे नाव एकच.

महदाइसेचे धवळे अभ्यासणाऱ्याने पनवेल तालुक्यातल्या एका हळदीला बसलेच पाहिजे. कुठल्या विधीला कोण गाते, दुसऱ्या बाया ओळ कुठे उचलतात, देवांची नावे कोणत्या क्रमाने येतात, हे छापील पानावर दिसत नाही. अडचण वेगळीच आहे. नवी मुंबई विमानतळासाठी गावे उठली, मांडवांची जागा सभागृहांनी घेतली आणि हळदीला डीजे वाजू लागला. धवले पाठ असलेल्या बाया आता म्हाताऱ्या होत चालल्या आहेत.

ज्यांच्या घरात किंवा आळीत अशी आजी असेल, त्यांनी या तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामात तिच्याजवळ बसावे. तिच्या परवानगीने धवले मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावेत आणि कोणता धवला कोणत्या विधीचा, हे तिलाच विचारून लिहून ठेवावे.