घरचे पाणी, दारची बाग



मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर ही महानुभावांची काशी. पाण्यावाचून तळमळणाऱ्या मातंगांनी श्रीगोविंदप्रभूंना विनविले आणि प्रभूंनी त्यांना विहिरीची जागा दाखविली, अशी लीळा त्यांच्या चरित्रात आहे. तिला सातशेहून अधिक वर्षे झाली. आज त्याच मुलखात संत्र्याच्या बागांपायी बोअर खोल खोल चालल्या आहेत. तरीही पारावर आम्हाला ऐकू येते, "आपल्या इहिरीले काय कमी हाय?" काय कमी आहे, ते वैशाखात घागर घेऊन फिरणाऱ्या घरधनिणीला विचारावे.

हिशेब पाहा. एकरभर रानात एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख लिटर. माणशी रोज ५५ लिटर धरले तर पाच माणसांच्या घराला ते वर्षभर पुरते! तेव्हा मोठी बचत उसाच्या सरीतच आहे, हे आम्ही कबूल करतो. पण विहीर तीच, आणि सवय घरातूनच शेतात जाते. म्हणून आधी घरातले पाहू.

१) सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवितो. वायसर बदलायला किती वेळ लागतो?

२) न्हाणीचे पाणी नालीत सोडू नका. चर काढून ते केळीला द्या. साबणाचे पाणी पालेभाजीला मात्र नको. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी कढीपत्त्याला घाला.

३) ऊस तुटल्यावर पाचट पेटवू नका. दोन भारे घरी आणून लिंबाच्या आळ्यात चार बोटे जाड पसरा, खोडापासून वीतभर दूर. ओल टिकते, पाळी लांबते.

४) दोडक्याच्या वेलाशेजारी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून झाका. झिरपेल तेवढेच मुळांना मिळते.

५) १०० चौरस मीटर टिनांवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ७० हजार लिटर पाणी होते. पन्हळ लावा, पहिल्या सरींचे पाणी सोडून द्या, पुढचे गाळून विहिरीत घ्या.

यात मोठा खर्च कोणताच नाही. हे पान घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. आणि सभासद बंधूंनो, घागर तुमच्या डोक्यावर नसते, म्हणून नळ तेवढा तुम्हीच पाहून या.