आधीच्या स्कॉलरचा खण आणि फ्रीजरमधले डबे

पीएचडीला रुजू झालात की पहिल्या आठवड्यात गाइड तुम्हाला एक टेबल, एक खण आणि फ्रीजरमधला एखादा कप्पा दाखवतात. "हे आता तुझं." ते रिकामं असेल अशी अपेक्षा ठेवू नका. जुनं घर घेतलं की माळ्यावर आधीच्या मालकाची पितळी भांडी, बंद पडलेला रेडिओ, कुणाच्या तरी पत्रांचा गठ्ठा सापडतो ना, तसंच इथेही असतं. 'आर.के. ३' एवढंच लिहिलेली ट्यूब, तपकिरी बाटली, अर्धी भरलेली वही, 'फायनल_फायनल_२' नावाचं फोल्डर. घरातला डबा निदान उघडून बघता येतो. लॅबमध्ये मात्र उघडून बघणं हेच कधी कधी सगळ्यात धोक्याचं असतं.

नवीन विद्यार्थी अशा वेळी दोनपैकी एक करतात. एक तर उत्साहात सगळं साफ करून टाकतात, नाहीतर "असू दे, कुणाचं तरी असेल" म्हणून मागे सरकवून ठेवतात. दोन्ही चूक. आधी ते काय आहे हे ठरवायचं, मग ठेवायचं की टाकायचं ते.

सुरुवात बाटल्यांपासून करा. ईथर किंवा टीएचएफची जुनी, उघडलेली बाटली दिसली आणि झाकणाभोवती किंवा तळाशी स्फटिक दिसले, तर तिला हात लावू नका. हवा आणि उजेडामुळे या द्रावकांत हळूहळू पेरॉक्साइड तयार होतात, आणि झाकण पिरगळताना होणारं घर्षणही स्फोटाला पुरतं. पिक्रिक आम्लाचंही तसंच. ऊतींचे नमुने तयार करणाऱ्या जुन्या लॅबमध्ये ते हमखास असतं. विकताना त्यात पाणी घातलेलं असतं, कारण कोरडं झालं की ते स्फोटक होतं. वर्षानुवर्षं कपाटात राहिलेल्या बाटलीतलं पाणी कधीच उडून गेलेलं असू शकतं. इथे धाडस नको. बाटली जागेवरच ठेवा, इतरांना लांब ठेवा आणि सेफ्टी ऑफिसरला किंवा गाइडना बोलवा. बेसिनमध्ये तर काहीच ओतायचं नाही.

"एवढं काय घाबरायचं, जुनं सामान आहे" असं कुणी म्हणालं तर त्यांना मायापुरीबद्दल सांगा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक गॅमा सेल होता, म्हणजे नमुन्यांवर गॅमा किरण सोडण्याचं यंत्र. आत कोबाल्ट-६०. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून तो कुणी वापरत नव्हता. वापरणारे गेले, खोली राहिली, यंत्र राहिलं. २०१० साली विभागाने निरुपयोगी सामानाचा लिलाव केला, त्यात तेही गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडलं गेलं. आत काय आहे हे तिथल्या कामगारांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं. किरणोत्साराने एकाचा मृत्यू झाला, बाकीचे दवाखान्यात दाखल झाले.

यातलं गणित करून बघण्यासारखं आहे. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सुमारे ५.३ वर्षं. यंत्र सुमारे चाळीस वर्षांचं धरलं तर साडेसात अर्धायुष्यं झाली, म्हणजे मूळ किरणोत्साराच्या दोनशेव्या भागाच्या आसपास उरला. "आता काय शिल्लक असणार" असं वाटायला लावणारा आकडा आहे हा. पण सुरुवातच एवढी मोठी होती की तो दोनशेवा भागही जीवघेणा ठरला. असं यंत्र एईआरबीला विचारल्याशिवाय विकताच येत नाही. विकणाऱ्यांच्या लेखी मात्र ती डेड स्टॉक रजिस्टरमधली एक ओळ होती, राइट ऑफ करायची.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. जुलै २०१४ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथल्या एनआयएच आवारातली एक लॅब दुसरीकडे हलवायची होती. आवराआवर करताना शीतगृहात पुठ्ठ्याचे खोके मिळाले. शेकडो कुप्या होत्या, त्यांतल्या सहांवर देवीच्या विषाणूचं नाव. काळ १९५४ चा. ती जागा १९७२ पासून एफडीएकडे होती आणि कुप्या त्याआधीच्या. १९८० साली जगातून देवीचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, हा विषाणू जगात फक्त दोनच अधिकृत ठिकाणी ठेवायचं ठरलं, आणि त्या सगळ्या काळात हे खोके तिथे पडून होते. तपासणीत दोन कुप्यांतला विषाणू अजून जिवंत निघाला. नंतर सहाही नष्ट केल्या. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की कुप्यांवर लेबल होतं. नसतं, तर आवरणाऱ्याने काय केलं असतं?

आता "टाकून द्या" म्हणणाऱ्यांसाठी उलटं उदाहरण. स्टॅन्ली मिलरचा प्रयोग आपण सगळ्यांनी पाठ केलाय. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, पाण्याची वाफ, विजेच्या ठिणग्या आणि शेवटी अमिनो आम्लं. १९५३ साली त्याला त्यातली मोजकीच ओळखता आली, कारण हाताशी कागदी क्रोमॅटोग्राफी होती. २००७ मध्ये मिलर वारला. त्याचं सामान त्याचाच विद्यार्थी जेफ्री बाडा याच्याकडे आलं. त्यात पन्नासच्या दशकातल्या प्रयोगांचे सुकलेले नमुने खोक्यांत होते. बाडा आणि सहकाऱ्यांनी ते आजच्या उपकरणांवर तपासले. ज्वालामुखीसारखा वाफेचा झोत सोडणाऱ्या उपकरणातल्या नमुन्यांत २२ अमिनो आम्लं सापडली. हे २००८ साली 'सायन्स'मध्ये आलं. १९५८ च्या, हायड्रोजन सल्फाइड वापरून केलेल्या एका प्रयोगाचे नमुनेही त्यात होते. त्याचे निष्कर्ष मिलरने कधी छापलेच नव्हते. त्यात २३ निघाली.

पन्नास वर्षांपूर्वीची सुकलेली कुपी उपयोगी पडली, कारण तिच्यावर लेबल होतं आणि त्याचा ताळा मिलरच्या वह्यांशी लागत होता. वही नसती तर तो नुसता तपकिरी डाग होता.

आपल्या फ्रीजरमध्ये मिलर नसतो, हे मान्य. पण तुमच्या पहिल्या वर्षातले सहा महिने त्यात नक्की असतात. आधीच्या स्कॉलरचा प्लास्मिड मिळाला तर नवीन बनवायचा वेळ वाचतो. मात्र ट्यूबवरचं नाव वाचून थेट प्रयोग सुरू करू नका. प्लास्मिड असेल तर आधी एन्झाइमने कापून जेलवर बघा, मग सिक्वेन्सिंग करा. पेशी असतील तर जास्तच सावध राहा. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलरने दाखवून दिलं की वेगवेगळ्या नावांनी वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशी प्रत्यक्षात हेला पेशीच होत्या. म्हणजे लोक 'आतड्याच्या' म्हणून ज्यांच्यावर काम करत होते त्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या निघाल्या. नायट्रोजनच्या टाकीतली जुनी कुपी वितळवलीत तर आधी वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा, मायकोप्लाझ्माची चाचणी करा आणि एसटीआर प्रोफाइल काढून घ्या. शंका उरली तर पुण्याच्या एनसीसीएससारख्या ठिकाणाहून नवीन पेशी मागवा. खर्च होतो, पण चुकीच्या पेशींवर लिहिलेल्या थिसिसपेक्षा कमी.

या सगळ्याआधी सर्वात स्वस्त चाचणी करा. सीनियरला फोन. बहुतेक जण सांगतात. फक्त विचारताना तक्रारीचा सूर नको. "ताई, तुमचा डबा मिळाला, फोटो पाठवतेय, यातलं काय ठेवण्यासारखं आहे?" एवढं पुरतं. त्या आता नोकरीत असतात, कदाचित मूल लहान असतं, म्हणून सगळे फोटो एकदाच पाठवा आणि उत्तराला आठवडा द्या. उत्तर लिहून ठेवा आणि गाइडना मेल करा. नमुने, वह्या आणि डेटा संस्थेचे असतात. टाकायचा निर्णय तुम्ही एकट्याने घ्यायचा नसतो.

खरं तर ही वेळच येऊ नये. पण आपला 'नो ड्यूज'चा फॉर्म बघा. लायब्ररी, हॉस्टेल, मेस, जिमखाना सगळ्यांची सही लागते. फ्रीजरमध्ये काय सोडून चाललात, हे कोणी विचारत नाही.

मी माझ्या प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवते. पेन्सिलने, कारण मार्कर इथेनॉलने पुसला जातो. आत काय आहे, कधी बनवलं, कुठल्या वहीच्या कुठल्या पानावर आहे, धोका आहे का. आणि शेवटची ओळ: अमुक तारखेनंतर मला विचारायची गरज नाही, गाइडना सांगून टाकून द्या.