एक तबकडी, अनेक यंत्रें

एका तबकडीपायीं आमच्या घरीं मोठा हिरमोड झाला होता. सन २००१ सालीं थोरल्या आत्याबाईंच्या जात्यावरच्या ओव्या आमच्या भाच्यानें आपल्या मॅकिंटॉश संगणकावर ध्वनिमुद्रित करून सीडीवर उतरविल्या. पुढें आत्याबाई वारल्या. वर्षश्राद्धाच्या दिवशीं ती तबकडी आम्हीं घरच्या विंडोज यंत्रांत घातली, तों यंत्र तिला ओळखीनाच! आवाज शाबूत होता. पण तबकडीवरील मांडणी केवळ मॅकिंटॉशला समजणारी होती.

वाचकहो, या अडचणीवर तोडगा मात्र फार पूर्वींच निघालेला होता. नोव्हेंबर १९८५ मध्यें अमेरिकेंत टाहो सरोवराकाठच्या हाय सिएरा नांवाच्या हॉटेलांत संगणक-व्यवसायांतील कंपन्यांचे प्रतिनिधी जमले आणि सर्व यंत्रांस वाचतां येईल अशा मांडणीचा विचार त्यांनीं आरंभिला. (तें हॉटेल जुगाराचें, तेथें इतकें शहाणपण सुचावें याची आम्हांस गंमत वाटते.) त्यांतून निघालेला मसुदा थोड्या फेरफारानें १९८८ सालीं 'आयएसओ ९६६०' या नांवानें आंतरराष्ट्रीय मानक ठरला.

त्यांतील युक्ति पाहण्याजोगी आहे. संख्या साठवितांना कांहीं यंत्रें तिचा लहान भाग आधीं ठेवितात, कांहीं मोठा. भांडण कशाला? महत्त्वाच्या संख्या दोन्ही क्रमांनीं लिहून ठेवावयाच्या. ज्याला जी उमजेल ती त्यानें घ्यावी! आरंभींचे १६ खंड, म्हणजे ३२,७६८ बाइट, ज्या त्या प्रणालीकरितां मोकळे. तबकडीची ओळख त्यापुढें. नांवांच्या बाबतींत मात्र कडक सोवळें. मूळ नियमाप्रमाणें आठ अक्षरें, टिंब आणि आणखी तीन. तींहि मोठीं रोमन अक्षरें, अंक व अधोरेषा एवढींच. 'आत्याबाईंच्या ओव्या' हें नांव तेथें बसावें कसें? म्हणून मायक्रोसॉफ्टनें पुढें 'जोलिएट' ही पुरवणी काढली. तींत ६४ चिन्हांपर्यंतचें नांव, देवनागरींतहि, लिहितां येतें. युनिक्सकरितां 'रॉक रिज' निघाली. ज्या यंत्रास पुरवणी कळत नाहीं, तें मूळ मांडणी वाचून काम भागवितें.

असो. शेजारच्या डॉक्टरांकडे मॅकिंटॉश निघाला. त्यावर ओव्या उघडून आम्हीं जोलिएटसह आयएसओ मांडणींत दुसरी तबकडी करविली, ती 'बंद' करावयास विसरलों नाहीं, आणि तीन निरनिराळ्या यंत्रांवर लावून पाहिली. तिसऱ्या ओवीच्या मध्यें आत्याबाई थांबून पाणी मागतात, तें तिन्ही ठिकाणीं ऐकूं आलें.