फ्रेंच रसोईतून – ९ : आधी गाजर, मग मासा

पॅरिसजवळच्या व्हिलक्रेन गावात एका शनिवारी एरवी गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या जोडप्याची जुंपली होती. भांडणाचे कारण एक टर्बट. मासा चपटा, चांगलाच रुंद आणि घरातल्या एकाही भांड्यात न मावणारा. एकाचे म्हणणे, तुकडे करण्यावाचून गत्यंतर नाही. दुसऱ्याला ती त्या देखण्या माशाची विटंबना वाटत होती. सुरा पडायच्या बेतात असतानाच पाहुणे म्हणून ब्रिया-सावारँ येऊन पोहोचले. पेशाने न्यायाधीश, वृत्तीने पक्के खवय्ये. त्यांनी घरभर शोध घेतला आणि कपडे उकळायचा हंडा मुक्रर केला. बाटल्यांच्या वेताच्या टोपलीपासून जाळी करवून घेतली, तिच्यावर कंद आणि वासाच्या पाल्याचा थर, त्यावर अख्खा टर्बट, वरून उपडे घंगाळ. मासा सबंध शिजला आणि पानावरही सबंधच आला. हा किस्सा त्यांनी १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फिझिओलॉजी द्यु गू’ या पुस्तकात रंगवून सांगितला आहे.

काटेकोर बोलायचे तर हे वाफवणे झाले, ब्रेझिंग, म्हणजे झाकण ठेवून थोड्या रसात मंद शिजवणे, नव्हे. पण खाली भाज्या, वर मासा आणि त्यावर झाकण ही मांडणी तीच. कमी आहे ती थोड्या वाइनची आणि माशाच्या काट्यांच्या अर्काची.

मागच्या भागात मांसाचे ब्रेझिंग पाहिले. तिथे सगळा खटाटोप चिवटपणा घालवण्यासाठी असतो. मांसातले कोलॅजेन विरघळून जिलेटिन व्हायला मंद आचेवर तासन्‌तास जातात. माशाला याची गरजच नाही. पाणी त्याचे वजन पेलते, त्यामुळे त्याच्या स्नायूंना बांधून ठेवणारे पडदे पातळ असतात आणि पन्नास-पंचावन्न अंश सेल्सियसच्या आसपासच सैल पडतात. साठ अंशांना मासा तयार. त्यापुढे तो कोरडा पडू लागतो. गाजराचे मात्र उलटे. त्याच्या पेशींना जोडणारे पेक्टिन साधारण ८५ अंशांच्या खाली हलायला तयार नसते. एकाच भांड्यात दोघांना एकाच वेळी घातले, तर गाजर कच्चे राहते किंवा माशाचा भुसा होतो.

फ्रेंच आचाऱ्याचे कसब या पेचातून वाट काढण्यात आहे. गाजर, कांदा, लीकचा पांढरा भाग, सेलरी यांचे आगकाडीएवढे बारीक काप करून ते लोण्यात, झाकण ठेवून, रंग न येऊ देता पंधरा-वीस मिनिटे मऊ करतात. हे सगळे वाइन पडण्याआधी. आंबट रसात भाज्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात. चिंचेचा कोळ घाईने घातला की आमटीतला बटाटा शिजायचे नाव घेत नाही, हे मराठी घरांतही ठाऊक असते, कारण तेच.

आता मासा भाज्यांवर ठेवायचा आणि पांढरी वाइन व ‘फ्युमे’ ओतायचे. सोल, टर्बट यांसारख्या पांढऱ्या माशांचे काटे आणि डोकी उकळून केलेला अर्क म्हणजे फ्युमे. तो अर्ध्या तासात उतरवावा लागतो, नाहीतर कडवटपणा येतो. रसात मासा बुडता कामा नये. अर्धा, फार तर पाऊण भाग रसात, बाकीचा वर. त्यावर लोणी लावलेला कागद, मग झाकण, आणि भांडे ओव्हनमध्ये. मधूनमधून झाकण काढून रस माशावर ओतत राहायचे. शेवटी मासा अलगद काढून रस आटवतात आणि त्यात थंड लोण्याचे तुकडे घोळवतात. ऑग्युस्त एस्कोफिए यांच्या १९०३ च्या ‘ल गिद क्युलिनेर’मध्ये माशाच्या ब्रेझिंगला वेगळी जागा आहे. तोवर लोखंडी ओव्हन रुळले होते. त्याआधीच्या भांड्यांचे झाकण खोलगट असे आणि त्यात निखारे ठेवत, म्हणजे वरून-खालून सारखी धग.

मासा घट्ट हवा. टर्बट, पाइक, कार्प चालतात. आपल्याकडे हा प्रयोग करायचा तर रावस किंवा जाड सुरमई घ्यावी. बोंबलाच्या वाटेला जाऊ नये, तो रसातच विरघळेल. माशाबरोबर पांढरीच वाइन, हा नियमही फ्रेंच फारसे मनावर घेत नाहीत. ‘कार्प आ ला शांबोर’ या दिमाखदार पदार्थात भला मोठा कार्प लाल वाइनमध्येच ब्रेझ होतो. सजावटीला ट्रफल, क्रेफिश, माशाची गाभोळी असा थाट. त्या गर्दीत बिचारा कार्प हरवतो, हा भाग वेगळा.

लोआर नदीकाठचा शॅड हा आपल्या हिलशाचा नातलग, आणि काट्यांच्या बाबतीत तितकाच त्रासदायक. तो अंबाडीसारख्या आंबट चवीच्या सॉरेलच्या पाल्याबरोबर शिजवतात. पाल्यातल्या ऑक्झॅलिक आम्लाने काटे विरघळतात, अशी तिथली जुनी समजूत. तासाभराच्या शिजण्यात असे काही घडत नाही. बारीक काटे मऊ पडतात ते कित्येक तासांच्या मंद आचेने, आणि तोवर माशाच्या पोताचा बळी गेलेला असतो. पण सॉरेलचा आंबटपणा शॅडच्या तेलकट मांसाला इतका शोभतो की ही जोडी काट्यांच्या समजुतीवाचूनही टिकली असती.

प्रोव्हान्समध्ये याच पद्धतीने ट्यूना, म्हणजे आपला कुपा, शिजवतात. ‘तों आ ला शार्त्रझ’ हे त्याचे नाव, मांस वर्ज्य मानणाऱ्या कार्थुजियन साधूंवरून आलेले. कुप्याच्या जाड तुकडीत अँकोव्हीच्या पट्ट्या खोचायच्या आणि गाजर, कांदा, सॉरेल व चक्क लेट्यूसच्या थरांमध्ये ती ठेवायची. सॅलडपलीकडे लेट्यूस न पाहिलेल्यांना हे विचित्र वाटेल. पण त्याचे पाणी सुटते, त्यामुळे वाइन थोडीच पुरते, आणि कोरडा पडायला टपलेल्या कुप्याला ओल मिळत राहते.

(पुढील भागात : मार्सेयची बुयाबेस)