सेप्टिक टँक बांधण्याआधी जमिनीची परीक्षा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड तालुक्यांत, घोड आणि भीमा नद्यांच्या खोऱ्यांत विखुरलेल्या बहुतेक वाड्यावस्त्यांवर भुयारी गटार नाही. त्यामुळे शेतात घर बांधणाऱ्या कुटुंबाला मैलापाण्याची सोय स्वतःच्या जागेतच करावी लागते आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअरही बहुधा तिथेच असते.

सेप्टिक टँक ही पाणी बाहेर झिरपू न देणारी बंदिस्त टाकी असते. तिच्यात मैलापाणी सुमारे एक-दोन दिवस थांबते, जड भाग तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि हवेविना जगणारे जिवाणू गाळाचा काही अंश कुजवतात. भारतीय मानक २४७० नुसार पाच माणसांच्या घरासाठी टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आतले पाणी किमान एक मीटर खोल असावे लागते. तरीही टाकीतून बाहेर पडणारे पाणी रोगजंतूंनी भरलेलेच असते. त्याची खरी शुद्धी ते जिथे जमिनीत मुरते त्या शोषखड्ड्याभोवतीच्या मातीत होते.

म्हणून निर्णय जमिनीवर ठरतो. नदीकाठची भारी काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी जवळजवळ शोषत नाही, तर माळावर मुरमाखालच्या भेगाळ काळ्या पाषाणातून तेच पाणी न गाळता थेट विहिरीकडे धावू शकते. एका ठिकाणी पाणी अंगणात साचते, दुसऱ्या ठिकाणी ते नकळत पिण्यात येते आणि हा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकणाऱ्या शिवारात भूजल वर आलेले असल्यास खोल शोषखड्डा भूजलातच उतरतो. यासाठी नियोजित खोलीवर लहान खड्डा घेऊन माती आदल्या दिवशी पाण्याने भिजवावी, दुसऱ्या दिवशी पाणी किती वेळात किती उतरते ते मोजावे आणि पावसाळ्याअखेरची भूजलपातळी विचारात घ्यावी. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर दूर ठेवावा. भेगाळ खडकात हे अंतरही पुरेसे मानू नये. माती पाणी शोषत नसेल, तर खालून वर पाणी चढवणारी खडीची गाळणी टाकीनंतर बांधता येते.

टाकीतील गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो, म्हणून मैला उपसणारी गाडी टाकीजवळ पोहोचेल अशी वाट आराखड्यातच सोडावी. टाकीतील विषारी वायूंनी माणसे दगावतात. संरक्षक साधनांविना माणसाला आत उतरवून सफाई करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. घरमालकाने गवंड्याशी दराची बोलणी करण्यापूर्वी मातीची परीक्षा, विहिरीचे अंतर आणि गाडीची वाट या तीन गोष्टी निश्चित केल्या, तर स्वतःच्या कुटुंबाचे, शेजारच्या विहिरीचे आणि सफाई कामगाराच्या जीवाचे रक्षण एकाच बांधकामातून साधते.