कलोपचार

कलोपचार : रेखाटन, रंगलेपन, मातीकाम, चिक्कणितचित्रण यांसारख्या दृश्यकलांच्या निर्मितीद्वारा मानसिक क्लेशांचा परिहार करण्याची आणि व्यक्तीचा स्वतःशी व इतरांशी तुटलेला संबंध पुन्हा जोडण्याची पद्धती. ही मानसोपचाराची एक शाखा मानली जात असली, तरी रुग्णालयांखेरीज विशेष मुलांच्या शाळा, तुरुंग, निर्वासितांच्या छावण्या, वृद्धाश्रम अशा ठिकाणीही तिचा अवलंब केला जातो. कलाशिक्षणात कलाकृतीच्या गुणवत्तेला महत्त्व असते. व्यवसायोपचारात हातांना व मनाला उपयुक्त काम देण्यावर भर असतो. कलोपचारात मात्र निर्मितीची क्रिया, ती करताना मनात उठणारे भाव आणि जिच्या सान्निध्यात ती केली जाते त्या व्यक्तीशी जुळणारे नाते, या तीन गोष्टी प्रधान असतात. त्यामुळे चित्रकलेचे कौशल्य ही या उपचाराची पूर्वअट नव्हे.

पूर्वपीठिका : चित्र आणि रोगनिवारण यांचा संबंध प्राचीन आहे. अमेरिकेतील नॅव्हाहो जमातीत रोगनिवारणाच्या विधीसाठी रंगीत वाळूची चित्रे जमिनीवर रचली जातात, रुग्णाला त्यांवर बसविले जाते आणि विधी संपताच ती पुसून टाकली जातात. गुजरातमधील छोटा उदेपूर परिसरातील राठवा समाजात आजारपण किंवा अन्य संकट टळावे म्हणून पिठोरा देवाला नवस बोलतात आणि तो फेडताना घराच्या भिंतीवर त्याचे चित्र रंगवून घेतात. या विधींत चित्र जाणकाराच्या हातून घडते; पीडित व्यक्ती ते स्वतः काढीत नाही. आधुनिक कलोपचारात ती स्वतःच निर्माती होते, हा महत्त्वाचा भेद आहे. तथापि दुःख एकट्याने न सोसता इतरांच्या उपस्थितीत त्याला दृश्य रूप द्यावे, ही धारणा दोहोंत समान दिसते.

मनोरुग्णांच्या कलाकृतींचा अभ्यास : मनोरुग्णांच्या चित्रांकडे एकोणिसाव्या शतकात मुख्यत्वे रोगाचे लक्षण म्हणून पाहिले जाई. या दृष्टीला हान्स प्रिंट्सहोर्न (१८८६–१९३३) या जर्मन मनोविकारतज्ञाने वेगळे वळण दिले. त्याने कलेतिहासाचेही अध्ययन केलेले होते. हायडल्बर्ग येथील मनोरुग्णालयात १९१९ पासून त्याने निरनिराळ्या संस्थांतील सु. ४५० रुग्णांच्या सु. ५,००० कलाकृती एकत्र केल्या आणि त्यांवर आधारित बिल्डनेराय डेर गाइस्टेसक्रांकेन (म. शी. मनोरुग्णांची प्रतिमानिर्मिती) हा ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. निर्मितीची प्रेरणा ही मानवमात्रात असते व आजारपणातही ती नाहीशी होत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. पॉल क्ले, माक्स अर्न्स्ट यांसारख्या चित्रकारांना या ग्रंथाने आकर्षित केले.

या संग्रहाचा पुढील इतिहास मात्र दारुण आहे. नाझी राजवटीने आधुनिक कलेची निंदा करण्यासाठी १९३७ मध्ये ‘अधःपतित कला’ हे प्रदर्शन भरविले. ते गावोगाव नेले जात असताना हायडल्बर्गच्या संग्रहातील चित्रे आधुनिक चित्रकारांच्या कृतींशेजारी मांडण्यात आली. दोन्ही सारखीच विकृत आहेत, हे प्रेक्षकांच्या मनावर बिंबविणे हा हेतू होता. या संग्रहातील एक श्रेष्ठ चित्रकार फ्रांट्स कार्ल ब्यूलर (१८६४–१९४०) याला मनोरुग्णांच्या सामूहिक हत्येच्या कार्यक्रमात ग्राफेनेक येथे ठार मारण्यात आले. चित्राला केवळ व्याधीचे चिन्ह मानले की चित्रकाराचे माणूसपण नाकारणे किती सोपे होते, याचा हा इतिहास साक्षी आहे. पुढील काळात कलोपचाराने रुग्णाच्या चित्रावरील हक्काविषयी जी दक्षता घेतली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

इंग्लंड व ब्राझील : ‘आर्ट थेरपी’ ही संज्ञा ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल (१८९५–१९७७) याने १९४२ मध्ये योजिली. पहिल्या महायुद्धात रणभूमीवरील दृश्ये चितारण्याचे काम त्याने केले होते. १९३८ मध्ये क्षयरोगामुळे तो ससेक्समधील मिडहर्स्ट येथील आरोग्यधामात दाखल झाला. क्षयावर परिणामकारक औषध नसल्याने दीर्घकाळ पडून राहणे हाच त्या काळी मुख्य उपचार होता. अंथरुणावर चित्रे काढता काढता आपले मन रोगापासून मुक्त होते, असा त्याला अनुभव आला व तो इतर रुग्णांनाही चित्रे काढण्यास प्रवृत्त करू लागला. आर्ट व्हर्सेस इलनेस (१९४५) या पुस्तकात त्याने हे अनुभव नमूद केले.

एडवर्ड ॲडम्सन (१९११–९६) याने १९४६ पासून सरे परगण्यातील नेदर्न मनोरुग्णालयात सु. ३५ वर्षे चित्रशाळा चालविली. प्रारंभी डॉक्टरांना रुग्णांची चित्रे संशोधनासाठी हवी होती. ॲडम्सनने साहित्य पुरवावे, शिकवू नये आणि अर्थही लावू नये, अशी त्याची भूमिका ठरली. चित्र काढणाऱ्याच्या जवळ शांतपणे उपस्थित राहणे हे त्याने आपले काम मानले. येथे निर्माण झालेल्या चित्रांपैकी हजारो चित्रे आज लंडनच्या वेलकम संग्रहात जतन केलेली आहेत.

याच सुमारास ब्राझीलमध्ये नीझे दा सिल्व्हेइरा (१९०५–९९) या मनोविकारतज्ञ स्त्रीने विद्युत् आघात व मेंदूवरील शस्त्रक्रिया यांसारखे उपचार करण्यास नकार दिला आणि रीओ दे जानेरो येथील मनोरुग्णालयात १९४६ मध्ये चित्रशाळा सुरू केली. वर्षानुवर्षे न बोलणारे रुग्ण येथे चित्रांतून व्यक्त होऊ लागले. त्यांच्या कृतींसाठी तिने १९५२ मध्ये ‘अबोधाच्या प्रतिमांचे संग्रहालय’ स्थापन केले. रुग्णांच्या चित्रांत वारंवार आढळणाऱ्या वर्तुळाकृतींविषयी तिचा कार्ल गुस्टाफ युंग याच्याशी पत्रव्यवहार झाला. मायेने सोबत करणारी व्यक्ती जवळ असली, तरच रुग्णाची सर्जनशक्ती जागी होते, हे तिच्या कार्याचे सूत्र होते.

तेरेझीनची मुले : कलोपचाराची सर्वांत हृदयस्पर्शी पूर्वघटना उपचारालयात नव्हे, तर बंदिवासात घडली. फ्रीड्ल डिकर-ब्रांडाइस (१८९८–१९४४) ही व्हिएन्नात जन्मलेली ज्यू चित्रकर्ती वायमार येथील बौहाउस या सुप्रसिद्ध कलाविद्यालयाची विद्यार्थिनी होती. प्रागमध्ये ती निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवीत असे. डिसेंबर १९४२ मध्ये तिला प्रागच्या उत्तरेकडील तेरेझीन येथे नाझींनी वसविलेल्या बंदिवस्तीत पाठविण्यात आले. तेथे आईबापांपासून वेगळ्या ठेवलेल्या मुलांना ती चित्रकला शिकवू लागली. पुरेसा कागद नसल्याने वापरलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजू व रद्दी यांवर मुले चित्रे काढीत. लयबद्ध रेषा काढणे, रंगांचे मेळ साधणे, जुन्या चित्रकारांच्या कृतींचे निरीक्षण करणे, कागदाचे कपटे चिकटवून रचना करणे असे तिच्या पाठांचे स्वरूप होते. मुलांना चित्रकार बनविणे हा तिचा उद्देश नव्हता. भयाने गोठलेल्या मनाला पाहण्याचे व कल्पना करण्याचे स्वातंत्र्य परत मिळावे, यासाठी तिचा प्रयत्न होता. मुलांच्या चित्रांत बंदिवस्तीतील खाटा व पहारेकरी दिसतात; परंतु फुले, फुलपाखरे, सोडून आलेले घर आणि जेवणाचे टेबलही तितक्याच आस्थेने रेखाटलेले आढळते.

प्रत्येक मुलाने आपल्या चित्रावर नाव घालावे, असा तिचा आग्रह असे. माणसाला नावाऐवजी वाहतुकीच्या यादीतील क्रमांक उरला होता, अशा ठिकाणी या आग्रहाला वेगळाच अर्थ होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिची ऑश्विट्स येथे रवानगी झाली व तेथे तिची हत्या करण्यात आली. जाण्यापूर्वी सु. ४,५०० चित्रे तिने दोन पेट्यांत भरून लपवून ठेवली होती. युद्धानंतर ती प्रागच्या ज्यू समाजाकडे सुपूर्त करण्यात आली व आज तेथील ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणारी बहुसंख्य मुले वाचली नाहीत. या चित्रांनी त्यांचे प्राण वाचविले नाहीत. मात्र ती काढीत असताना मुलांना एकमेकांची सोबत लाभली आणि त्यांची नावे मागे राहिली.

सिद्धांत : तिची व्हिएन्नातील विद्यार्थिनी ईडिथ क्रेमर (१९१६–२०१४) ही १९३८ मध्ये न्यूयॉर्कला गेली आणि वंचित व वर्तनसमस्या असलेल्या मुलांसमवेत काम करून तिने कलोपचाराला सैद्धांतिक बैठक दिली. तिच्या मते निर्मिती हाच उपचार होय; क्रोध, मत्सर यांसारख्या आवेगांचे कलाकृतीत उदात्तीकरण होते व त्यामुळे अहं बलवान बनतो. मार्गारेट नाउमबर्ग (१८९०–१९८३) या अमेरिकन विदुषीने मात्र मनोविश्लेषणाचा आधार घेतला. स्वप्नांप्रमाणेच चित्रेही अबोध मनाची भाषा बोलतात. रुग्णाने चित्र काढावे आणि मग त्याविषयी मुक्तपणे बोलून त्याचा अर्थ स्वतः शोधावा, अशी तिची भूमिका होती. पहिल्या मतात निर्मितीवर, तर दुसऱ्यात निर्मितीनंतरच्या संवादावर भर आहे. प्रत्यक्षात बहुतेक उपचारक दोहोंचा मेळ घालतात.

कार्यपद्धती : उपचाराची जागा व वेळ शक्यतो निश्चित असते. साधनांची निवड विचारपूर्वक केली जाते : पेन्सिलीवर नियंत्रण ठेवता येते, म्हणून धास्तावलेल्या व्यक्तीला ती सुरक्षित वाटते, जलरंग आपोआप पसरतात व आवरलेले भाव मोकळे करतात, माती थापटता, मोडता व पुन्हा घडविता येते, त्यामुळे रागाला वाट मिळते. कुशल उपचारक चित्राची प्रशंसा किंवा चिकित्सा करण्याची घाई करीत नाही. ‘हे काय आहे?’ असे विचारण्यापेक्षा ‘या चित्राविषयी काही सांगावेसे वाटते का?’ असे तो विचारतो. दोघांच्या मध्ये चित्र असल्यामुळे जे स्वतःविषयी बोलणे कठीण जाते, ते चित्राविषयी बोलता येते. गटात काम करताना एकमेकांची चित्रे पाहून आपले दुःख केवळ आपलेच नाही, ही जाणीव होते. चित्रे गोपनीय मानली जातात आणि त्यांच्या प्रदर्शनासाठी काढणाऱ्याची संमती आवश्यक समजली जाते.

उपयुक्तता व मर्यादा : जागतिक आरोग्य संघटनेच्या यूरोप विभागाने २०१९ मध्ये ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन आरोग्यसंवर्धनात कलांना स्थान असल्याचा निष्कर्ष काढला. अमेरिकेत ३९ निरोगी प्रौढांवर केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४५ मिनिटांच्या कलानिर्मितीनंतर सु. तीन चतुर्थांश व्यक्तींच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण घटलेले दिसले. तथापि तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने त्यावरून ठाम अनुमान काढता येत नाही. याउलट ब्रिटनमध्ये छिन्नमानस या विकाराच्या ४१७ रुग्णांवर केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गटातील कलोपचारामुळे रुग्णांच्या एकूण कार्यक्षमतेत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. अनेक रुग्ण उपचाराला फारसे उपस्थितच राहिले नाहीत. तीव्र मनोविकारांत कलोपचार हा औषधोपचाराचा पर्याय नसून त्याला पूरक ठरू शकतो, असे यावरून म्हणता येईल.

काळा रंग म्हणजे निराशा, मोठे डोळे म्हणजे संशय, असे ठोकळेबाज अर्थ लावणे अशास्त्रीय होय. चित्र काढताना दडपलेल्या वेदनादायक आठवणी उफाळून येण्याचाही संभव असतो. म्हणून प्रशिक्षित उपचारकाची गरज असते. या व्यवसायाच्या नियमनासाठी ब्रिटनमध्ये १९६४ मध्ये व अमेरिकेत १९६९ मध्ये संघटना स्थापन झाल्या. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय कोणालाही ‘आर्ट थेरपिस्ट’ हे पदनाम लावता येत नाही. भारतात आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय अधिनियमाच्या अनुसूचीत कला व नृत्य यांद्वारा उपचार करणाऱ्यांचा समावेश करण्यात आला आहे.

प्रशिक्षित उपचारकाची आवश्यकता असली, तरी मनःस्वास्थ्यासाठी चित्र काढणे हे उपचारालयापुरते मर्यादित नाही. निर्णय न देता सोबत बसणारे माणूस, थोडे साहित्य व काढलेल्या चित्रावर स्वतःचे नाव घालण्याची मुभा एवढ्या गोष्टी त्यासाठी पुरेशा ठरतात, असे या विषयाच्या इतिहासावरून दिसून येते.