टेपखालचा गाळ

सुरतेच्या समुद्रात प्रवाळ नाहीत. तापी-नर्मदेचा गाळ आणि खंभातच्या आखातातली भरती-ओहोटीची ओढ यांमुळे डुमसला गुडघाभर पाण्यात आपलीच पावलं दिसत नाहीत. प्रवाळ मोजायचे तर इथल्या विद्यार्थ्यांना सौराष्ट्र गाठावं लागतं. रात्रीची ओखा गाडी, सकाळी जामनगर, पुढे वाडीनारजवळचं नरारा. आमच्या शेजारची मुलगी, घर मूळचं खानदेशातलं, जलजीवशास्त्रात संशोधन करते. शेजारशेजारच्या प्रवाळखडकांवर तळाशी कोण कोण वस्तीला आहे, हे ती ताडून पाहते. टेपचं दुसरं टोक धरायला मी तिच्याबरोबर गेलो.

कच्छच्या आखाताचा हा किनारा १९८० मध्ये सागरी अभयारण्य झाला आणि १९८२ मध्ये देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. उधाणाच्या ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की प्रवाळ चालत जाऊन पाहता येतात. वनखात्याची परवानगी लागते, आणि काहीही उचलायचं नाही. २००१ पासून कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला.

टेप वीस मीटरचा, किनाऱ्याला समांतर टाकायचा. त्याच्याखाली जे जे येईल ते, जिथं बदलेल त्या सेंटिमीटरला लिहायचं. ती वाकून सांगत जाते, मी लिहीत जातो. "शून्य ते चौतीस वाळू. एकावन्नपर्यंत मेलेला प्रवाळ, वर शेवाळ. साठपर्यंत गाळ." मग कुठं तरी जिवंत प्रवाळ येतो. आसपास फिरणाऱ्या सहलीच्या मंडळींना वाटाड्या ऑक्टोपस दाखवतो, फुगा मासा दाखवतो. टेप त्यांच्यासाठी वाकडा होत नाही. हाताच्या अंतरावर सुंदर प्रवाळ असला तरी तो टेपखाली नसेल तर नोंदीत येत नाही, आणि हे मला पहिल्यांदा फार जड गेलं.

"काका, मधला बोटभर गाळसुद्धा लिहा," ती म्हणाली. "तोच तर बोलतो."

एका डबक्यात गोनिओपोरा होता. दगडासारख्या गोळ्यावर देठ काढून बाहेर आलेले असंख्य जीव, प्रत्येकाच्या टोकाला चोवीस बोटांचं चक्र. पाण्याच्या हेलकाव्याबरोबर सगळा गोळा हलत होता. शेजारीच फाविया. त्याच्या खळग्यांत राखाडी गाळ बसला होता आणि प्रवाळानं सोडलेल्या चिकट स्रावाच्या तारांत अडकून तोच गाळ कडेकडेनं घसरत होता. अंग झाडण्यात या जिवाची केवढी ताकद जात असेल! घुमटासारखा पोराइटीस वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. डोक्याएवढा गोळा दिसला की पाऊल आपोआप जपून पडतं.

तुलनेतली खरी मेहनत टेप टाकण्याआधीची. दोन खडकांवर टेप एकाच पातळीला पडला पाहिजे. एक वरच्या अंगाला, जिथं ऊन जास्त वेळ लागतं, आणि दुसरा खाली पाण्यालगत पडला, तर मोजली जाईल ती ओहोटी. ऋतूही एकच हवा. हिवाळ्यात इथं शेवाळ माजतं. एक खडक फेब्रुवारीत आणि दुसरा मेमध्ये पाहिला, तर शेजाऱ्यांत नसलेला फरक कागदावर उभा राहतो. हे सांभाळल्यावरच नरारा, पिरोटन बेट आणि आखाताच्या तोंडाजवळचं पोशित्रा यांना एका ओळीत बसवता येतं. तोंडाकडे पाणी निवळ, आत येऊ तसं गढूळ. गाळ सोसणारे गोल आणि पसरट प्रवाळच या आखातात जास्त तग धरतात. फांद्यांच्या अॅक्रोपोराचे जुने सांगाडे सापडतात.

सुरतेला परतल्यावर आकडे जातात ब्रे-कर्टिस निर्देशांकात. ब्रे आणि कर्टिस यांनी १९५७ मध्ये तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जंगलांसाठी वापरला होता. दोन ठिकाणची वस्ती किती वेगळी, हे तो शून्य ते एकमध्ये सांगतो. इथंच त्या बोटभर गाळाची किंमत कळते. दोन्ही खडकांवर जिवंत प्रवाळ सारखेच भरले, पण एकावर उरलेली जागा वाळूची आणि दुसऱ्यावर शेवाळाची असली, तर निर्देशांक त्यांना वेगळं ठरवतो. वाळू सरकते, पुन्हा दगड उघडा पडतो. शेवाळानं धरलेल्या दगडावर प्रवाळाच्या पिल्लाला बसायला जागाच मिळत नाही. म्हणून बातम्यांत येणारा "जिवंत प्रवाळ इतके टक्के" हा एकटा आकडा मला अपुरा वाटतो. खडकाचं पुढं काय होणार, हे उरलेल्या जागेवर ठरतं.

नराऱ्यात टेप टाकलेल्या ओळींच्या जागा तिनं जीपीएसवर नोंदवून ठेवल्या आहेत. पिरोटनला मात्र बोटीनं जावं लागतं, आणि भरती चढायच्या आत काम आवरावं लागतं. तिथं ओळी कमी मिळतील. तेव्हा तुलनेला नराऱ्याच्याही तेवढ्याच घ्यायच्या, आणि त्या आपण न निवडता चिठ्ठ्या टाकून काढायच्या, असं तिनं आत्ताच ठरवून टाकलं आहे.